रत्नागिरीजवळ बनवून घेतलेली फायबरची होडी
रत्नागिरीजवळच्या एका लहान कारखान्यातून आम्ही मासेमारीसाठी फायबरची होडी बनवून घेतली. येथे काचतंतूंचे थर साच्यात कोरडेच रचतात, त्यावर प्लास्टिकचा पडदा हवाबंद करतात आणि पंपाने आतली हवा काढून घेत रेझिन (नंतर कडक होणारा चिकट द्रव) थरांत खेचतात. त्यामुळे ब्रशने थर चढवताना वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के राहणारे काचतंतूंचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेता येते, बुडबुडे कमी राहतात आणि कामगारांना रेझिनमधल्या स्टायरिन या रसायनाच्या उग्र वाफेचा त्रासही बराच कमी होतो. होडी हलकी आणि ताठ आहे. मात्र काठाजवळ जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) पातळ राहिल्याने काचतंतूंच्या कापडाची वीण वर उमटली आहे, आणि एवढ्या किमतीत ही उणीव खपवून घेण्यासारखी नाही. रेझिन पुरते पक्के होण्याआधी होडी साच्यातून काढण्याची घाई त्यांनी केली नाही, हे विशेष आवडले.