जमीन-गुंतवणुकीचा तीन दिवसांचा वर्ग: कागद उत्तम, बांधावरचा दिवस अपुरा

दोन दिवस वर्गात, तिसरा दिवस जागेवर, अशी या कोल्हापुरातल्या वर्गाची आखणी आहे. पहिले दोन दिवस मनापासून आवडले.

सातबारा नुसता दाखवत नाहीत, वाचायला लावतात. भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे जमीन सरकारी अटींवर धारण केलेली असेल, तर हस्तांतराला परवानगी लागते. देवस्थान इनामाची जमीन विकायचा अधिकार वहिवाटदाराला नसतो. आपल्या जिल्ह्यात अशा जमिनी भरपूर, म्हणून ‘इतर हक्क’ रकान्यावर घालवलेला तास अगदी सार्थकी लागतो. मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, उलट्या क्रमानं मागे नेत वारसनोंदीपर्यंत पोचायचं. तिथं बहिणींची नावं नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय गळालेली दिसली, की इसार देणं तिथंच थांबवायचं. फ्लॅटचा भागही नेमका आहे: महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची नोंदणी तपासा, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, कारण कायद्यानं ती घेताच येत नाही.

भाड्याचं गणित मात्र फार गोड मांडलंय. ४० लाखांचा फ्लॅट, भाडं ११ हजार, म्हणून परतावा ३.३ टक्के. मुद्रांक, नोंदणी, फर्निचर धरून खर्च ४३ लाखांवर गेला, वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहिला, मेंटेनन्सचे १८ हजार आणि घरफाळ्याचे ६ हजार वजा केले, की हातात ९७ हजार उरतात. म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के.

खरी उणीव तिसऱ्या दिवशी. बसनं तीन लेआउट दाखवतात, पण वर्गात वाचलेली फाईल त्यातल्या एकाही जागेची नसते. त्यामुळे कागद आणि जमीन यांची गाठच पडत नाही. जमिनीचा एकच गट घ्यावा: सकाळी त्याचा सातबारा आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, वाचावी, दुपारी तीच प्रत हातात धरून हद्दीच्या खुणा शोधाव्यात. लेआउटवर ९ मीटर लिहिलेला रस्ता टेपनं मोजावा. मुख्य रस्त्यापर्यंतची वाट नकाशात आहे की नुसती वहिवाटीची, तेही तिथंच कळतं. बँकेचं कर्ज आणि बांधकाम परवाना यांचं घोडं बहुतेकदा इथंच अडतं.

पूररेषेवर तर दोन वाक्यांत बोळवण केलीय. पंचगंगेकाठी जमीन घेणाऱ्याला एवढं पुरत नाही. पूररेषा दोन: नदीकडची निळी आणि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही; निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी लागतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका पातळी आहे, पण आपल्या प्लॉटवर पाणी किती फुटांना येतं हे शेजारच्या घरमालकालाच ठाऊक असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी भिंतीवर कुठवर चढलं, हे त्याला विचारायला विद्यार्थ्यांना पाठवायला हवं. उन्हाळ्यात तीच जमीन ठणठणीत कोरडी दिसते.

फी भरण्याआधी आयोजकांना थेट विचारा: दाखवणार त्या प्लॉटच्या विक्रीत तुमचं कमिशन आहे का? असेल, तर पहिले दोन दिवस जरूर बसा आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच मनातल्या गटाची फाईल घेऊन बांधावर जा.