न्यूयॉर्क बारसाठी घेतलेला ऑनलाइन कोर्स: एमबीईला मस्त, एमपीटीला कच्चा

पुण्यात सहा वर्षं दिवाणीची प्रॅक्टिस केली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कची बार, म्हणजे इथे वकिली करायला लागणारी परीक्षा, द्यायचं ठरवलं. बाहेरच्या डिग्रीवाल्यांना नुसती परीक्षेची फी ७५० डॉलर, कोर्सचे पैसे वेगळे. कोर्सचं नाव देत नाही, कुठलाही कोर्स घेताना हे बघायलाच हवं म्हणून लिहितेय.

आधी मार्कांचं नीट समजून घ्या. परीक्षा दोन दिवसांची, एकूण ४०० पैकी, न्यूयॉर्कला २६६ लागतात. निम्मे मार्क एमबीईचे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे २०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, सहा तासांत, एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यातले २५ प्रश्न फक्त चाचणीपुरते असतात, मोजतात १७५ च, पण कुठले २५ ते कळत नाही, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही कोरा सोडायचा नाही. पहिल्या दिवशी लेखी: अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा निबंध म्हणजे एमईई, त्याला ३० टक्के, आणि दीड दीड तासाचे दोन एमपीटी, म्हणजे दिलेल्या कागदांवरून वकिली काम करून दाखवायचं, त्याला २० टक्के. लेखीचे मार्क शेवटी एमबीईच्या स्केलवर बसवतात, त्यामुळे आपण घरी केलेली बेरीज आणि हातात आलेला आकडा जुळत नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका. आपली भारतातली वकिलीची परीक्षा, एआयबीई, १०० प्रश्नांची आणि बेअर ॲक्ट (टिपांशिवाय नुसता कायदा छापलेलं पुस्तक) जवळ ठेवून देता येते, इथे सगळं डोक्यात पाहिजे.

कोर्सची एमबीईची तयारी खरंच उत्तम. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखाली बाकीचे तीन पर्याय का चूक हे लिहिलेलं, एव्हिडन्समधलं हिअरसे, म्हणजे ऐकीव पुरावा, मला त्यातूनच पक्कं कळलं. प्रॉपर्टीचे व्हिडिओ मात्र लांबलचक, मी दीडपट स्पीडनेच बघितले.

घात झाला तो एमपीटीमध्ये. यात काही पाठ लागत नाही हो, एक फाइल देतात, कायद्याची छोटी लायब्ररी देतात आणि सीनियरला मेमो लिही म्हणतात. आपल्याला वाटतं हे तर रोजचंच काम! मी पहिल्या प्रॅक्टिसला दाव्याची हकीगत लिहितात तशी पॅरा नंबर टाकून सगळी फॅक्ट्स आधी लिहिली, एक तास पाच मिनिटं त्यातच गेली, आणि मुद्द्यावर कायदा लावायला राहिली पंचवीस मिनिटं. कोर्सवाल्यांकडून तो पेपर तीन आठवड्यांनी आला, वर नुसता आकडा, एक शेरा नाही. परीक्षेत तेच झालं. २६१ आले. हीच परीक्षा घेणाऱ्या मिसुरी, मिनेसोटा राज्यांत पासिंग २६० होतं, इथे पाच मार्कांनी गेले, त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी नवा कोर्स घेतलाच नाही. न्यूयॉर्कच्या बोर्डाच्या साइटवर जुने प्रश्न आणि उमेदवारांची निवडक उत्तरं फुकट आहेत, ती काढली, दर रविवारी सकाळी घड्याळ लावून एक एमपीटी, पहिली ४५ मिनिटं फक्त वाचन आणि आराखडा, उरलेल्यात लिखाण, आणि लायब्ररी आधी वाचायची म्हणजे फाइलमधलं कुठलं फॅक्ट कामाचं ते लगेच दिसतं. २७४ आले.

एमपीआरई, म्हणजे वकिलांच्या आचारनियमांची परीक्षा, वेगळी, तिथे ८५ लागतात, आणि न्यूयॉर्क कायद्याची ५० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा, ३० बरोबर आले की झालं. या ऑनलाइन परीक्षेच्या तयारीसाठी कुणी कोर्सचे पैसे मागितले तर देऊ नका.

कोर्सला ५ पैकी ३ स्टार, तेही एमबीईमुळे. भरायच्या आधी फोन करून विचारा, माझे किती एमपीटी माणूस तपासणार, किती दिवसांत परत देणार, आणि शेरे लिहिणार का. मला मिळालं ते असं: एमपीटी दोन, वेळ तीन आठवडे, शेरे नाहीत.