गेम डिस्कची राखीव प्रत: कोऱ्या डिस्कवर की इमेज फाइलमध्ये?

स्वतः विकत घेतलेल्या गेम डिस्कची राखीव प्रत कोऱ्या डिस्कवर बर्न करता येते किंवा इमेज फाइल (डिस्कवरील डेटाची फाइलरूपी नक्कल) म्हणून हार्ड डिस्कवर ठेवता येते. बर्न केलेली प्रत सोयीची वाटते. परंतु पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कवर आतल्या कडेजवळ जी सूक्ष्म नागमोड असते, ती घरगुती बर्नरला उमटवता येत नाही, त्यामुळे कोणताही बदल न केलेले कन्सोल अशी प्रत स्वीकारत नाही. शिवाय तिच्यावरील रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो.

जतनासाठी मला इमेज फाइलच भरवशाची वाटते, कारण चेकसम (फाइलमधील डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून ती बिनचूक उतरली आहे का, हे तपासता येते. मात्र इमेज फाइलचे स्वरूप पाहून निवडावे. सीडीवरील गेममध्ये संगीताचे स्वतंत्र ट्रॅक असतील, तर ते आयएसओ या प्रकारच्या इमेज फाइलमध्ये येत नाहीत, कारण तीत सहसा प्रत्येक सेक्टरमधील (डिस्कवरील ठरावीक आकाराच्या तुकड्यातील) २०४८ बाइट डेटाच साठवला जातो. बिन-क्यू जोडीत (बिन फाइलमध्ये डेटा, क्यू फाइलमध्ये ट्रॅकची मांडणी) सेक्टरचे पूर्ण २३५२ बाइट उतरतात, म्हणून संगीतही येते. (गेम चालतो पण संगीत वाजत नाही, त्याचे कारण बहुधा हेच.) हार्ड डिस्कही कधीतरी बंद पडतेच, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर असावी. डिस्कचे संरक्षण तोडण्यास काही देशांत कायद्याने मनाई आहे, तेवढे आधी पाहून घ्यावे.