विहीर की बोअर: उपसा चाचणी कशावर घ्यावी?

गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तर जलधराची (पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराची) वहनक्षमता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं, आणि साठवण गुणांक, म्हणजे पातळी उतरली की तो किती पाणी सोडतो, हे दोन आकडे लागतात. ते उपसा चाचणीतून मिळतात: पंपाने पाणी उपसायचं आणि पातळी कशी बदलते ते मोजायचं. पुरंदर-शिरूरकडे विहीर हाताशी असते, म्हणून बहुतेक जण तिच्यावरच पंप चालवून मोकळे होतात.

अडचण विहिरीच्या आकारात आहे. पंप सुरू झाला की आधी विहिरीतला साठाच उपसला जातो, खडकातलं पाणी मागाहून येतं. कूपर-जेकब यांची 1946 सालची सरळ रेषेची पद्धत (पातळीतली घट वेळेच्या लॉगरिदमसमोर मांडून रेषा ओढायची आणि तिच्या उतारावरून वहनक्षमता काढायची) वापरायची, तर हा परिणाम ओसरावा लागतो. त्याला लागणारा काळ म्हणजे त्रिज्येच्या वर्गाची 25 पट, भागिले वहनक्षमता. वहनक्षमता रोज 50 चौरस मीटर धरा. पाच मीटर व्यासाच्या विहिरीला तीन दिवस लागतील, सहा इंची बोअरला चार मिनिटं! तीन दिवसांत विहीर केव्हाच कोरडी पडते. तरी पहिल्या दोन-तीन तासांच्या नोंदींवर रेषा ओढली जाते आणि त्या आकड्यावर गावाची पिकं ठरतात, याचं मला फार वाईट वाटतं. मोठ्या व्यासासाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांचे 1967 सालचे, आपल्या नोंदी जुळवून पाहायचे वक्र आहेत, पण सुरुवातीच्या भागात ते इतके सारखे दिसतात की साठवण गुणांक भरवशाने काढता येत नाही.

म्हणून बोअर? वहनक्षमतेसाठी हो. शेतीची वीज आठ तास असली तरी चालतं. पंप बंद केल्यावर पाणी चढतानाच्या नोंदी तर मला जास्त विश्वासाच्या वाटतात, कारण तेव्हा पंपाच्या कमी-जास्त उपशाचा त्रास राहत नाही. साठवण गुणांकासाठी मात्र जवळ दुसरी, निरीक्षणाची बोअर हवीच.

पण केसिंग पाइपने वरचा मुरूम बंद केलेला असतो. बोअर सांगते ती खालच्या भेगांची गोष्ट. गावाच्या विहिरी मुरमातल्या पाण्यावर जगत असतील, तर बोअरचा अचूक आकडा भलत्याच पाण्याचा ठरतो. तिथे मी विहीरच निवडेन: पाणी उपसायचं आणि मग ते चढण्याचा वेग मोजायचा. त्यातून आवक कळते, आणि रोज किती उपसावं हे ठरवायला तेवढं पुरतं.

काहीही निवडा, शेजारचे पंप बंद ठेवा, उपसलेलं पाणी चारीने लांब सोडा आणि दिवाळीनंतरची चाचणी एप्रिल-मेमध्ये पुन्हा घ्या. पातळी मुरमाखाली गेली की वहनक्षमताही घटते.