नाताळ कुठे करायचा : बर्फात, उन्हात की पावसात?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो, तोच माझ्या धाकट्या जावेचा फोन येतो. "ताई, यंदा मुलांना नाताळच्या सुट्टीत बर्फ दाखवायचाय. कुठे जाऊ?" गेली चार-पाच वर्षं हेच चाललंय. मी दरवर्षी तिला उलट विचारते, बर्फ दाखवायचाय की नाताळ? कारण दोन्ही एका जागी, एकाच दिवशी मिळणं किती अवघड आहे, हे ग्रीटिंग कार्डं छापणारे सांगत नाहीत. यंदा फोनवर घसा कोरडा करण्याऐवजी लिहूनच काढलं. तिच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

आधी आपलं घर बघू, कारण तुलना त्याच्याशीच होणार. मुंबईत डिसेंबरात सांताक्रूझला रात्रीचा पारा साधारण १८ अंशांच्या आसपास उतरतो. कुलाबा समुद्राला बिलगलेला, तिथे दोन-तीन अंश जास्तच. दुपारी दोन्हीकडे तिशीच्या पुढे. आपल्या थंडीची सगळी मदार वाऱ्यावर असते. उत्तरेकडून वारा आला की दोन दिवस कपाटातले स्वेटर बाहेर येतात. जमिनीवरून येणारे मतलई वारे दुपारपर्यंत रेंगाळले आणि खारे वारे उशिरा आले, तर डिसेंबरातही घामाच्या धारा लागतात. सांताक्रूझचा विक्रम ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे खरी हुडहुडी मुंबईत साठेक वर्षांपूर्वी येऊन गेली. आता इतका गारवा एसी लोकलमध्ये मिळतो.

पण हे नाक मुरडण्यासारखं हवामान नाही. पाऊस नाही, अकरा तास उजेड, संध्याकाळी सहा वाजून गेले तरी सूर्य आहे. धुरकं सोडलं तर वर्षातले हेच आपले सर्वात बरे दिवस. म्हणून माझं म्हणणं असं, की पैसे खर्च करून बाहेर जायचं तर इथे जे मिळत नाही नेमकं त्यासाठी जा, आणि ते तिथे खरंच मिळेल का हे आधी तपासा. तपासताना सगळे तापमान बघतात. मी उजेडाचे तास आधी बघते.

बर्फाच्या नादी लागणाऱ्यांसाठी

लंडनपासून सुरुवात करू, कारण चित्रातला नाताळ बराचसा तिथलाच. नाताळात तिथे दिवसा ८-९ अंश, रात्री ३-४. बर्फासाठी हे जरा उबदारच. ब्रिटनच्या हवामान खात्याची 'व्हाइट ख्रिसमस'ची व्याख्या ऐकलीत तर हसाल : २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही एक हिमकण पडताना दिसला की झाला. एक कण! जमिनीवर पांढरी चादर अंथरली जाणं ही वेगळीच गोष्ट. २०१० सारखं एखादं वर्ष सोडलं तर देशभर तसं क्वचितच घडतं. बहुतेक नाताळ ओले, करडे आणि वाऱ्याचे. सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो, म्हणजे आपण मुंबईत जेवून वामकुक्षी आटोपतो तोवर तिथे रात्र. वर २५ तारखेला ट्यूब (तिथली मेट्रो) आणि बस बंद. हॉटेल मध्यवस्तीत नसेल तर अख्खा दिवस खोलीत काढावा लागतो. लंडन वाईट नाही, पण तिथे जायचं ते दिव्यांसाठी. बर्फासाठी नाही.

जर्मनीची गंमत आणखी वेगळी. तिथले नाताळ-बाजार, लाकडी टपऱ्या, गरम मसाल्याची वाइन, हे सगळं खरं आहे आणि बघण्यासारखं आहे. पण न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरला बंद होतो आणि बहुतेक ठिकाणी हाच शिरस्ता. आपली मुलं २३ ला शाळेतून सुटणार, आपण २५ ला पोहोचणार आणि तिथे टपऱ्या उतरवलेल्या. त्यात निसर्गही साथ देत नाही. डिसेंबरच्या मध्यावर थंडी पडते, बर्फही येतो, आणि नेमकं नाताळाच्या सुमारास अटलांटिकवरून उबदार पश्चिमी वारे येऊन तो वितळवून टाकतात. हे इतक्या वेळा होतं की जर्मन भाषेत त्याला खास शब्द आहे, 'वाइनाख्ट्स-टाउवेटर', म्हणजे नाताळातलं वितळणं. तेव्हा जर्मनीला जायचं तर शाळेत अर्ज देऊन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा, नाहीतर नका जाऊ.

न्यूयॉर्कबद्दल थोडक्यात. अमेरिकेत व्याख्या कडक आहे, सकाळी जमिनीवर किमान एक इंच बर्फ हवा. न्यूयॉर्क शहरात ते दहा वर्षांत एखाद-दुसऱ्या वेळीच जमतं. त्याच राज्यातल्या बफेलो शहरात आणि परिसरात मात्र २०२२ च्या नाताळात सरोवरावरून आलेल्या हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसं गेली. बर्फ हवा म्हणताना हेही लक्षात असू द्या.

मग खात्रीचा बर्फ कुठे? युरोपात हवा असेल तर उंचावर किंवा अगदी उत्तरेला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला जाऊन उपयोग नाही, ते जेमतेम चारशे मीटरवर आहे. दीड हजार मीटरच्या वरचं गाव बघा. उत्तरेला फिनलंडमधलं रोवानिएमी, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित खाली. सांताक्लॉजचं म्हणून सजवलेलं गाव तिथेच, वृत्ताच्या रेषेवर. तिथे बर्फ जवळजवळ ठरलेला, पारा शून्याखाली आठ-दहा सहज, आणि थंडीची लाट आली तर शून्याखाली तीस. पण सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दीडच्या आत बुडतो. त्याच्या आधी-नंतर काही वेळ निळसर संधिप्रकाश असतो, तो फार सुंदर म्हणतात. माझ्या ओळखीचं एक कुटुंब जाऊन आलं. मुलं खूश, आजोबा तिसऱ्या दिवसापासून गप्प. काळोखाचा असा परिणाम होतो हे आपल्याला घरबसल्या कळत नाही. घरातलं कुणी उजेडाशिवाय कोमेजणारं असेल तर तिथे तीन रात्रींहून जास्त राहू नका.

जपानचं नाव या यादीत कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. सैबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि पश्चिमेकडच्या डोंगरांवर व होक्काइडो बेटावर बर्फ म्हणून ओततात. तेच वारे डोंगर ओलांडून टोकियोला पोहोचतात तेव्हा कोरडे झालेले असतात, म्हणून टोकियोचा डिसेंबर स्वच्छ, निळ्या आकाशाचा, दिवसा १०-१२ अंशांचा. घाटमाथ्यावर पाऊस ओतून पुढे दुष्काळी भागात रिकाम्या हाताने जाणारे ढग आपण जाणतोच, तोच प्रकार. होक्काइडोच्या साप्पोरोत बर्फ, टोकियोत ऊन, दोन्ही एका सहलीत. फक्त नाताळ तिथे सुट्टीचा दिवस नाही. रोषणाई भरपूर, चर्चमधलं वातावरण शोधावं लागेल.

आता आपल्या हिमाचलाकडे. इथे मी स्वतः पोळले आहे. एका सहल कंपनीने 'नाताळात मनालीत बर्फाची हमी' म्हणून पैसे घेतले. चार दिवस कडक ऊन, कोरडी बोचरी थंडी. रोज सकाळी ड्रायव्हर म्हणायचा, "कल पक्का गिरेगा." शेवटी एका वळणावर रस्त्याकडेला साचलेल्या काळपट ढिगाऱ्यावर मुलांना भाड्याचे गमबूट घालून उभं केलं आणि फोटो काढले. कारण साधं आहे. हिमालयात थंडीतला बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे, आणि ते कॅलेंडर बघून येत नाहीत. शिमल्यात २०१६ ला ऐन नाताळाच्या दिवशी बर्फ पडला, त्याची देशभर बातमी झाली. बातमी होते म्हणजेच तसं नेहमी घडत नाही. उंचावरचं काश्मीरमधलं गुलमर्गसुद्धा २०२३-२४ च्या हिवाळ्यात जानेवारीच्या बऱ्याच दिवसांपर्यंत कोरडं होतं. बरं, बर्फ आला तरी प्रश्न असतोच. मनालीजवळचा अटल बोगदा २०२० ला सुरू झाल्यापासून सगळ्या गाड्या लाहौलकडे धावतात. २०२४ च्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. देशातल्या देशात बर्फच हवा असेल तर जानेवारीच्या अखेरीस जा. शाळेला चार दिवस दांडी, पण शक्यता कितीतरी जास्त.

उन्हातला नाताळ

बर्फाचा हट्ट सोडला की जग मोठं होतं. २५ डिसेंबरला सूर्य मकरवृत्ताच्या अगदी जवळ असतो, म्हणजे दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण रजई ओढतो तेव्हा. ऋतू अंतरावर नाही, आसाच्या कलण्यावर ठरतात, हे भूगोलात शिकलो होतो. सिडनीला गेल्यावर ते पाठीच्या कातडीला कळतं.

सिडनीत डिसेंबरात दिवसा सरासरी २५-२६, रात्री १७-१८, आणि सूर्यास्त रात्री आठनंतर. आकडे मुंबईपेक्षा सौम्य, म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण तिथल्या उन्हातली अतिनील किरणं फार तीव्र. टोपी आणि सनस्क्रीनशिवाय तासभर समुद्रकिनाऱ्यावर बसाल तर आपल्या सावळ्या कातडीचीही सालं निघतील. वणव्यांचा धोका वेगळा. २०१९ च्या डिसेंबरात सिडनी धुराने भरून गेलं होतं.

मेलबर्नचं हवामान लहरी. सकाळी चाळिशीतली भट्टी, संध्याकाळी दक्षिणेचा वारा फिरला की काही तासांत पंधरा-वीस अंश उतार. २०११ च्या नाताळात तिथे गारपीट झाली, आणि २००६ च्या नाताळात त्याच राज्याच्या डोंगरांवर भर उन्हाळ्यात बर्फ पडला. सुटकेसमध्ये सुती कपड्यांवर एक जाडसर जाकीट टाकायचंच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचं डार्विन मात्र नाताळासाठी नको. तिथे तेव्हा पावसाळा आणि चक्रीवादळांचा हंगाम. १९७४ च्या नाताळाच्या पहाटे 'ट्रेसी' वादळाने ते शहर जवळजवळ पुसून टाकलं, ६६ माणसं गेली आणि निम्म्याहून जास्त वस्तीला दुसऱ्या शहरांत हलवावं लागलं.

उन्हातला नाताळ हवा असेल तर माझं मत न्यूझीलंड किंवा केपटाउन. ऑकलंडला विशीच्या थोडं वर तापमान, साडेआठनंतर सूर्यास्त, आणि किनाऱ्यावर पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलांनी डवरलेली. तिथले लोक त्यालाच नाताळाचं झाड म्हणतात. कापूस लावलेल्या प्लॅस्टिकच्या सूचिपर्णी झाडापेक्षा मला ते जवळचं वाटतं, कदाचित आपल्या गुलमोहोरासारखं दिसतं म्हणून. केपटाउनचा डिसेंबर कोरडा, २५-२६ अंशांचा, आणि आग्नेयेकडचा जोराचा वारा. हवा स्वच्छ करतो म्हणून त्या वाऱ्याला तिथे 'डॉक्टर' म्हणतात. असा एखादा डॉक्टर मुंबईच्या धुरक्याला लागू पडला असता तर! दक्षिण आफ्रिकेच्याच पूर्व किनाऱ्याला वास्को द गामाने १४९७ च्या नाताळात 'नाताल' नाव दिलं. आपल्या 'नाताळ' शब्दाचं माहेरही तेच, पोर्तुगीज.

पावसाची ठिकाणं, ज्यांच्या जाहिरातीत छत्री नसते

सिंगापूर मुंबईकरांचं लाडकं, ऑर्चर्ड रोडची रोषणाई खरंच देखणी. पण डिसेंबर हा तिथल्या सर्वात ओल्या महिन्यांपैकी. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस दुपारी धो-धो कोसळतो. मॉल आणि मेट्रोत दिवस जाणार असेल तर हरकत नाही. थायलंडमध्ये किनारा निवडताना डोकं वापरा : पश्चिमेचं फुकेत तेव्हा कोरडं, पूर्वेच्या सामुईला डिसेंबरात अजून पाऊस असू शकतो. आपल्याकडेही हेच. गोवा कोरडा (हवामान मुंबईचंच, भाव चौपट), तर पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर २०११ मध्ये ३० डिसेंबरला चक्रीवादळ थडकलं होतं. दुबई कोरडी, दिवसा २५-२६, तीन तासांचं विमान. लहान बाळ किंवा गुडघेदुखीवाले आई-वडील बरोबर असतील तर मी तेच सुचवेन, फारसं न आवडताही.

आणि बेथलेहेम. ज्याच्या नावाने हे सगळं, तिथलं हवामान कार्डावरच्या सारखं नाहीच. पावणेआठशे मीटर उंचीवरचं गाव, दिवसा १३-१४ अंश, रात्री सहा-सात, पावसाळ्याचे दिवस. म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या रात्रीत पावसाची सर मिसळली तर होईल तसं. तिथे ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स आणि मग आर्मेनियन नाताळही येतो, त्यामुळे तारखेला वाव असतो. प्रवास शक्य आहे का, हे मात्र त्या वेळच्या बातम्या बघूनच ठरवा.

खर्च आणि व्हिसाची कटकट नको, पण चर्चची गाणी, थंडी, स्वेटर हे सगळं हवं, असं म्हणणाऱ्यांना शिलाँग. दीड हजार मीटर उंची, दिवसा १५-१६, रात्री पाच-सहा, आकाश बहुधा कोरडं. बर्फ नाही. आपल्या घड्याळाच्या हिशेबात तिथला सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो, तेव्हा भटकंती सकाळी लवकर सुरू करायची. गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता. जावेला मी यंदा हेच सांगितलंय, आणि मुलांचा बर्फ जानेवारीअखेरीस.

आम्ही स्वतः कुठेच जात नाही. वसईच्या मैत्रिणीकडे २४ च्या रात्री जातो. अंगणात गोठ्याचा देखावा, दारावर तारा, मग मैदानात मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना. मुंबईपेक्षा तिथे नक्कीच गार असतं, बाराच्या सुमारास दव पडायला लागतं आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओल्या होतात. शाल न्याच, आणि बसायला एक जुना टॉवेल.