शनिवार पेठेतलं पहिलं वाचन: कथा पाठवायच्या आधी इथं द्याच

कोल्हापूरच्या शनिवार पेठेत एका जुन्या माडीवर निवृत्त मुद्रितशोधक काका राहतात. पाटी नाही, जाहिरात नाही, म्हणून मीही नाव देत नाही. आपली कथा छापायला पाठवायच्या आधी त्यांच्याकडं द्यायची. ते स्वतः आणि त्यांनी जमवलेले दोन वाचक ती वाचतात. पानाला 12 रुपये. माझी 31 पानं होती, 372 रुपये झाले.

मी गुजरीत, म्हणजे सोन्या-चांदीच्या बाजारात, हिशेब लिहिते आणि रात्री कथा. ही कथा पुराची. ऑगस्ट 2019 मध्ये नदीकाठच्या गल्लीतली पोरगी आजीला घेऊन माळ्यावर बसलीय, आणि आजीच्या डोक्यात 2005 चा पूर. सांगणारी ती पोरगीच. सगळी कथा मी वर्तमानकाळात लिहिली होती. वीज जाते, पाणी चढतं, आजी समई उचलते. वाचणाऱ्याच्या पायाला पाणी लागावं, एवढीच इच्छा होती.

काकांचा नियम असा: वाचकानं उपाय सांगायचा नाही. मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं तिथं पेन्सिलीनं गोल, कंटाळून बाड खाली ठेवलं तिथं आडवी रेघ. शेवटी समोरासमोर बसून वाचक बोलतात आणि लिहिणाऱ्यानं अर्धा तास तोंड उघडायचं नाही. छापलेल्या कथेबरोबर खुलासा करायला तुम्ही घरोघरी जाणार आहात का, असं त्यांनी विचारलं. तो अर्धा तास मला जड गेला, पण पैसे त्याचेच वसूल झाले.

तिन्ही प्रतींत नवव्या पानावर गोल. नियम असूनही दोघांनी उपाय सांगितलेच. एका ताईंना आजी फार बोलते असं वाटलं, कॉलेजच्या मुलाला प्रसंग लांबलाय असं. काकांनी समासात नुसतं लिहिलं होतं, ‘कुठला पूर?’

बरोबर होतं त्यांचं. ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर जातं’ हे माझं वाक्य. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण साल कुठलं? दोन्ही पूर ‘जातं’, ‘येतं’ असेच चालले होते. ताईंचं ऐकून आजीचं बोलणं छाटलं असतं तरी तो गोल तिथंच राहिला असता.

मग चौदा रात्री काळ बदलत बसले. 2019 ची रात्र साध्या भूतकाळात आली: वीज गेली, मी दार लोटलं. 2005 मधल्या आजीला ‘-आयची’ हे रूप दिलं: ती दर तासाला उंबऱ्याशी येऊन बुडालेल्या पायऱ्या मोजायची. वर्तमानकाळ उरला तो फक्त एका पानावर. पाणी उंबरा चढतं. थांबत नाही. आजीचा एक शब्दही कापला नाही, याचा मला फार आनंद आहे.

एक दुरुस्ती मात्र मी मानली नाही. पोरगी ‘मी खाली जातो’ म्हणते, तिथं कॉलेजच्या मुलानं ‘जाते’ केलं होतं. तो बाहेरगावचा, सहा पानं तिला मुलगाच समजत होता. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, ते मी बदलणार नाही. पण त्याची अडचण खरी होती. वर्तमानकाळात ‘जातो’, ‘बघतो’, ‘बसतो’ असं प्रत्येक क्रियापद त्याला चकवत होतं. ‘मी दार लोटलं’, ‘मी हाक मारली’ यात क्रियापद दाराच्या, हाकेच्या मागं जातं, त्यामुळं भूतकाळात निम्मा घोळ आपोआप मिटला. उरलेल्यासाठी दुसऱ्याच ओळीत आजीला ‘पोरी’ अशी हाक मारायला लावली.

तक्रारी दोन. 15 दिवस सांगून 24 लावले. आणि ताईंची पेन्सिल इतकी फिकट की प्रत खिडकीशी धरून वाचावी लागली. काकांना हे सांगितलंय.

कविता घेत नाहीत. झेरॉक्सच्या तीन प्रती आपणच न्यायच्या, पाठकोऱ्या, ओळींत अंतर सोडून. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर बाड मे महिन्यातच द्या.