जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०: जुन्यातलं कोणतं घ्यावं?

सायबरपंक २०७७ या गेमच्या २.० आवृत्तीच्या किमान गरजांमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं शेजारी-शेजारी दिसतात: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ६ जीबी आणि एएमडीचं आरएक्स ५८० ८ जीबी. गेम बनवणारे या दोघांना कायम एकाच पंगतीला बसवत आले आहेत, आणि सेकंडहँड घ्यायला जाणारेही शेवटी याच दोघांत अडकतात. निव्वळ गेमिंगचा हिशोब केला तर आमचं मत ५८० ला. पण समोरचं कार्ड खरोखर ५८० असलं पाहिजे आणि पॉवर सप्लाय त्याला झेपला पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर मुकाट्याने १०६० घ्यावं.

१०६० आलं जुलै २०१६ मध्ये, ५८० एप्रिल २०१७ मध्ये. खरं तर ५८० म्हणजे क्लॉक (चिपचा वेग) चढवलेलं आधीचं आरएक्स ४८०. १०६० मध्ये १२८० कुडा कोअर आहेत, ५८० मध्ये २३०४ शेडर (दोन्ही म्हणजे चित्राचा हिशोब करणारे चिपमधले छोटे भाग). पण दोघांची रचनाच वेगळी असल्याने या आकड्यांची तुलना करून हाती काही लागत नाही. बघायचा तो मेमरीचा फरक. १०६० ला १९२ बिटची बस आणि सेकंदाला १९२ जीबी बँडविड्थ, ५८० ला २५६ बिट आणि २५६ जीबी. शिवाय ६ विरुद्ध ८ जीबी.

डायरेक्टएक्स ११ (डीएक्स ११, गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) वर चालणाऱ्या जुन्या गेममध्ये १०६० बरोबरीत किंवा थोडं पुढे राहतं. सोबत जुना चार कोअरचा प्रोसेसर असेल तर हा फरक जास्त जाणवतो, कारण एएमडीचा डीएक्स ११ ड्रायव्हर प्रोसेसरच्या एका कोअरवर जास्त भार टाकतो. कार्ड निवांत बसलेलं असतं आणि फ्रेम मात्र वाढत नाहीत. डीएक्स १२ आणि वल्कन या नव्या दुव्यांमध्ये चित्र उलटं होतं. रेड डेड रिडेम्प्शन २ वल्कनवर चालवलं की ५८० पुढे जातं, आणि नंतरच्या वर्षांतल्या बहुतेक गेममध्ये कल तिकडेच राहिला.

सरासरी फ्रेम रेटवर मात्र फार विसंबू नये. टेक्श्चर क्वालिटी वाढवली की भार जवळजवळ पूर्ण मेमरीवर पडतो, चिपवर नाही. म्हणून १०८० पी मध्ये बाकी सगळं मीडियम ठेवून टेक्श्चर एक पायरी वर नेणं ५८० ला सहज जमतं. १०६० ची ६ जीबी भरली की उरलेला डेटा सिस्टीम रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवरून यायला लागतो. सरासरी ठीक दिसते, पण कॅमेरा वळवला की हिसका बसतो. तुलना करायचीच तर १ टक्का लो (सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा.

काही दारं दोघांनाही बंद आहेत. हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) नाही, त्यामुळे इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलसारखा गेम या कार्डांसाठी नाहीच. मेश शेडर (वस्तूंचे आकार रचायची नवी पद्धत) नाहीत, त्यामुळे ॲलन वेक २ मध्ये हाल. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र, १०६० वरही चालत नाही. एनव्हिडियाचं कार्ड आहे म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं. एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर २ दोघांवर चालतं, पण १०८० पी च्या क्वालिटी मोडमध्ये आतलं रेझोल्यूशन ७२० पी असतं, आणि लांबची पानं-गवत लुकलुकतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोघंही पेन्शनीत गेलेत. एएमडीने २०२३ मध्ये पोलारिस (५८० ची पिढी) आणि व्हेगा या पिढ्या वेगळ्या शाखेत काढल्या. तिथे सुरक्षेचा किंवा तसाच गंभीर प्रश्न असेल तरच अपडेट येतं. एनव्हिडियाने पास्कलसाठी (१०६० ची पिढी) शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ चा ठरवला. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट तेवढी. (पास्कलला चालणाऱ्या शेवटच्या ड्रायव्हर शाखेचा क्रमांक ५८० आहे, हा निव्वळ योगायोग.) लिनक्स वापरत असाल तर ५८० घ्या. तिथला मेसा ड्रायव्हर खुला आहे आणि कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.

आता वीज. १०६० चा टीडीपी (पूर्ण भाराला लागणारी वीज) १२० वॅट, ५८० चा १८५, आणि फॅक्टरी ओव्हरक्लॉक केलेली ५८० दोनशेच्याही वर जातात. साध्या १०६० ला एक ६ पिन कनेक्टर पुरतो. ५८० ला ८ पिन लागतो, काही मॉडेलना ८ अधिक ६. कंपन्यांची शिफारस अनुक्रमे ४०० आणि ५०० वॅट पॉवर सप्लायची आहे. ब्रँडेड ऑफिस पीसीत बसवायचं असेल तर विषय इथेच संपतो, १०६० घ्या. साटा (हार्ड डिस्कची वीज)-ते-६ पिन ॲडॅप्टर कधीही लावू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटसाठी बनवलेला असतो. ६ पिन ७५ वॅटपर्यंत ओढू शकतो. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

५८० घेतलं तर अंडरव्होल्ट करायलाच हवं, म्हणजे चिपचं व्होल्टेज उतरवायला हवं. बहुतेक कार्डांना कारखान्यातूनच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिलेलं असतं. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, मग मॅन्युअल. सर्वात वरच्या स्टेटला (क्लॉकच्या पायरीला) साधारण ११५० मिलिव्होल्ट दिसतील. २५ च्या टप्प्याने खाली या, प्रत्येक टप्प्यावर एखादा जड गेम अर्धा तास चालवा. १०७५ ते ११०० वर बरीच कार्डं स्थिर राहतात. तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. एक खोच लक्षात ठेवा: पोलारिसमध्ये मेमरीसमोर दिसणारं व्होल्टेज खरं तर कोअरची खालची मर्यादा ठरवतं. ते वर ठेवून कोअरचं कितीही खाली ओढलं तरी फरक पडत नाही.

खरेदीतला सगळ्यात मोठा सापळा नावात आहे. ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ हे कार्ड प्रत्यक्षात खालच्या आरएक्स ५७० च्या जातीचं आहे, आणि खोक्यावर ते शेवटचे चार आकडे बारीक छापलेले असतात किंवा विकणारा सांगतच नाही. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर्सचा रकाना बघा: २३०४ असेल तर खरं, २०४८ असेल तर ५७० च्या भावाने मागा. तिकडे १०६० ची ३ जीबी आवृत्ती केवळ मेमरीत कमी नाही, तिचे कोअरही ११५२ आहेत. ती कुठल्याही भावात नको. बनावट १०६० ही मिळतात: एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपवर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव चढवलेलं असतं. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ लिहितं. त्याआधी मागची पट्टी बघा. १०६० ला ॲनालॉग आउटपुट नसतंच, त्यामुळे निळा व्हीजीए पोर्ट दिसला की तिथूनच परत फिरा.

५८० चा भूतकाळ बहुधा मायनिंगचा असतो. इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं आणि ही कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंख्यांची बेअरिंग झिजलेली आणि थर्मल पेस्ट वाळलेली असते, दोन्ही बदलता येतं. त्रास देतो तो बदललेला बायोस. मेमरीची टायमिंग आवळलेली असतात, विंडोजचा ड्रायव्हर असा बायोस नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (कार्ड बंद केल्याची सूचना) येतो. ड्युअल बायोसचं कार्ड असेल तर कडेचा छोटा स्विच फिरवून बघा; नाहीतर त्याच मॉडेलचा, त्याच कंपनीच्या मेमरी चिपचा मूळ बायोस शोधून चढवावा लागेल. मग एचडब्ल्यूइन्फो (हार्डवेअरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून एक बेंचमार्क फिरवा. पोलारिस कार्डांसाठी त्यात ‘जीपीयू मेमरी एरर्स’ अशी ओळ असते. तिथे शून्य हवं. या कार्डांची जीडीडीआर५ मेमरी चुकलेला डेटा पुन्हा मागवून घेते, त्यामुळे पडद्यावर काहीच न दिसता आकडा वाढत राहू शकतो.

गेमपलीकडचं काम असेल तर १०६० चं पारडं जड होतं. स्ट्रीमिंगसाठी त्याचा एच.२६४ एनकोडर (व्हिडिओ आवळणारा भाग) ५८० पेक्षा स्पष्टपणे स्वच्छ चित्र देतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरने ३.० मध्ये ओपनसीएल (कार्डावर हिशोब करायची सोय) काढलं, तेव्हापासून ५८० असेल तर त्यातल्या सायकल्स इंजिनचं रेंडरिंग प्रोसेसरवरच करावं लागतं. १०६० वर कुडा आहे, एनव्हिडियाची स्वतःची तशीच सोय. मॉनिटरचं मात्र तपासा: स्वस्त मॉनिटरचं फ्रीसिंक (पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) फक्त एचडीएमआयवर चालत असेल तर ते ५८० लाच मिळेल, १०६० ला त्यासाठी डिस्प्लेपोर्ट लागतो.

आणि दोघांपैकी कोणासाठीही मागितलेला भाव वापरलेल्या आरएक्स ६६०० च्या जवळ जात असेल तर सरळ ६६०० घ्या. ८ जीबी, १३२ वॅट, मेश शेडर आणि रे ट्रेसिंग दोन्ही, आणि वेगाचं म्हणाल तर ५८० त्याच्या आसपासही नाही.